नाव जसं तोंडात, तसं वहीत

पंढरपूरच्या देवळात एक शिलालेख आहे. आपण त्याला ‘चौऱ्याऐंशी’ म्हणतो. त्याला हात लागला की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. आजी-पणजीपासून सगळे हात लावत आले, पण त्यावर काय कोरलंय हे विचारणारा क्वचित. त्यावर आहेत नावं. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवळासाठी ज्यांनी दान दिलं, त्यांची ती नोंद आहे. राजा रामदेवराव यादव त्यात आहे आणि राजा नसलेले पुष्कळ जण आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे पंढरीच्या दारात भाविकांची नावं लिहून ठेवायची चाल ज्ञानेश्वरीहूनही जुनी आहे.

या स्मरणिकेत आपल्या दिंडीच्या वारकऱ्यांची यादी छापायची ठरली, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की नावं लिहायची कशी. भिशीच्या जुन्या वह्यांत आहेत तशी, की शुद्ध करून? वाद बराच रंगला. त्या निमित्तानं जी जुळवाजुळव केली ती इथं मांडतो.

सुरुवात देवापासूनच करावी. देवाचं नाव तरी एका तऱ्हेनं कुठं लिहिलं जातं? आपण ‘विठ्ठल’ लिहितो, ठ ला ठ जोडतो. म्हणताना मात्र ‘विट्ठल’ म्हणतो. कानडी हरिदासांनी ‘विठल’ म्हटलं. पुरंदरदासांची मुद्रिकाच ‘पुरंदरविठल’. नामदेवराय उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला त्यांचं स्थान झालं, शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. तिथं आपला विठ्ठल ‘बीठल’ होऊन उभा आहे. पंजाबी माणसाच्या तोंडात व चा ब झाला. रा. गो. भांडारकरांसारख्या पंडितांनी असं सुचवलं की विष्णू या नावाचं कानडी वळण ‘बिट्टी’ आणि त्यातून पुढं विठ्ठल झालं. वारकरी म्हणतो, विटेवर उभा तो विठ्ठल. पंडितांचं त्यांच्यापाशी, आपल्याला वीट पुरे.

गावाचंही तेच. होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला १२३७ चा शिलालेख पंढरीतच आहे, त्यात या गावाला ‘पंडरगे’ म्हटलंय. पंडरगे, पंढरपूर, पंढरी. बायकांच्या ओवीत तर ते ‘पंढरपूर’ कमी आणि ‘पंढरी’च जास्त, कारण जात्याच्या फेऱ्यात तेच बसतं.

घाटावरच्या आणि देशावरच्या बोलीत इ-कार, ए-कार लागलेला सुरुवातीचा व पुष्कळदा गळतो. विहिरीची ‘हीर’ होते, वेळेची ‘येळ’, विठोबाचा ‘इठोबा’. ण चा न होतो, ज्ञ चा ग्य होतो. याला कुणी अडाणीपणा म्हणेल. पण ती बोलीची रीत आहे, आणि ती सगळ्या शब्दांना सारखीच लागू पडते. इठोबा म्हणणारी म्हातारी हीरही म्हणते. ती देवाच्या नावात चूक करत नाही. घरी पाणी भरायला जाताना जी भाषा बोलते त्याच भाषेत देवाशी बोलते.

आता ज्ञ कडं येऊ, कारण खरा वाद तिथंच होता. ‘ग्यानबा-तुकाराम’ की ‘ज्ञानोबा-तुकाराम’? शिकलेली पोरं म्हणाली, स्मरणिकेत तरी ‘ग्यानबा’ नको, लोक हसतील. पण हसणाऱ्याला विचारावं की ज्ञ चा खरा उच्चार कोणता? मूळ अक्षर ज आणि ञ यांचं जोडाक्षर. तसा उच्चार आज कुठं ऐकू येतो? आपण मराठी शिकलेली माणसं त्याचा ‘द्न्य’ करतो. हिंदीवाला ‘ग्य’ करतो, गुजराती ‘ग्न’ करतो. सगळेच मूळापासून सरकलेले. मग एकट्या खेड्यातल्या वारकऱ्याच्या ‘ग्य’लाच अशुद्ध का म्हणायचं? काशीचा हिंदी पंडित ‘ग्यान’ म्हणतो तेव्हा त्याला कुणी हसत नाही.

आणि टाळकऱ्याला विचारा. पावली खेळताना, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असताना, ‘द्न्या’ म्हणायला जीभ आधी दाताला टेकवावी लागते. ‘ग्या’ घशातून सुटतो, तोंड एकदम उघडतं, आवाज मोकळा होतो. शंभर टाळांच्या वर आवाज काढायचा असेल तर ‘ग्यानबा’च चढतो. आमचे जुने विणेकरी बोलताना ज्ञानोबा म्हणत आणि चालीत ग्यानबा. दोन्ही त्यांना शुद्धच वाटे.

ही दोन नावं एका गजरात कशी आली हेही तरुण वाचकांना माहीत असावं. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास तुकोबांच्या पादुका पालखीत घालून देहूहून आळंदीला, आणि तिथून ज्ञानोबांच्या पादुका घेऊन पंढरीला न्यायला सुरुवात केली. हा जोडगजर तेव्हापासूनचा, असं परंपरा सांगते. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्र केला, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आले, दिंड्यांना क्रम लागला. पालख्या दोन झाल्या तरी गजर एकच राहिला. दोघा संतांमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर, पण म्हणणाऱ्याच्या तोंडात श्वास घेण्याइतकंही नाही.

नावाच्या रूपावरून शहाण्या माणसांनी काय केलं त्याचाही एक नमुना सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावानं लिहिणाऱ्या एका विद्वानानं असं मांडलं की ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव वेगळा आणि विठ्ठलाचे अभंग लिहिणारा वेगळा. एक शैव, एक विठ्ठलभक्त. मोठं रण माजलं, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली. आळंदीच्या वाटेवर मात्र माणसं ज्ञानदेव, ज्ञानेश्वर, ज्ञानोबा, ग्यानबा, माउली अशी पाच नावं घेत एकाच समाधीपाशी जात राहिली. त्यांना दोन समाध्या शोधाव्याशा वाटल्या नाहीत.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. संत स्वतःचं नाव कसं घेतात आणि आपण त्यांचं कसं घेतो, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. अभंगाच्या शेवटी स्वतःची ओळख ठेवायची, ती मुद्रिका. तुकाराम तिथं ‘तुका’ होतो. नामदेव ‘नामा’ होतो, एकनाथ ‘एका’ आणि त्यालाही गुरूच्या जनार्दन नावाची जोड. चोखामेळा ‘चोखा’, निळोबा ‘निळा’, बहिणाबाई ‘बहिणी’, जनाबाई ‘जनी’, आणि तीसुद्धा नामयाची. ज्ञानोबा तर पुष्कळदा आपलं नावच बाजूला ठेवून रखुमादेवीवराचं नाव पुढं करतात. स्वतःचं नाव घेताना प्रत्येकजण ते तोडतो. राम गळतो, देव गळतो, नाथ गळतो.

आणि आपण काय करतो? तुटलेलं जोडतो, वर ‘बा’ लावतो. तुकोबा, चोखोबा, गोरोबा, सावतोबा, निळोबा. मुक्ताला मुक्ताई, जनीला जनाई, सोपानदेवांना सोपानकाका. बा म्हणजे बाप. संत स्वतःला लहान करून गेला, लोकांनी त्याला बाप केला. आपण वाटेवर भेटेल त्याला माउली म्हणतो आणि वाकतो, त्याचीच ही नावातली रीत. स्वतःचं तोडायचं, दुसऱ्याचं जोडायचं.

ही रीत केवढी मोठी होती हे कळायला जुनी दप्तरं बघावी लागतात. सारावसुलीचे, तंट्याचे, वतनाचे कागद. तिथं वरच्या माणसाला पंत, राव, जी. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला ‘या’. ‘अमक्या बिन तमक्या’, म्हणजे तमक्याचा मुलगा अमक्या. बापालाही ‘या’, पोरालाही ‘या’. एका अक्षरात माणसाची जागा दाखवून दिली जायची. लिहिणारा मुद्दाम अपमान करत होता असंही नाही. त्याला ते नाव तेवढंच ऐकू येत होतं. अशा काळात मंगळवेढ्याच्या चोख्याला ‘चोखोबा’ म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे.

पण इथं आपण आपली पाठ थोपटून घेऊ नये. नावाला ‘बा’ लावला तरी चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या जातीतल्या वारकऱ्यानं तिथूनच हात जोडून परत फिरायचं, असं सहाशे वर्षं चाललं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरीत उपोषण केलं, तेव्हा देवळाचं दार सगळ्यांना उघडलं. म्हणजे नाव आधी आत गेलं, माणूस फार मागून. कीर्तनात हे सांगायला अवघड जातं, म्हणून लिहून ठेवतो.

आणि जनाबाई! सगळं जग ज्याला ‘बा’ लावतं त्या विठोबालाच तिनं रागाच्या भरात ‘या’ लावला, ‘विठ्या’ म्हटलं. दप्तरातला हलकेपणाचा प्रत्यय देवाच्या नावाला. ज्या दासीला जन्मभर लोकांनी अर्ध्या नावानं हाक मारली, तिच्या तोंडी ते शोभतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभलं नसतं.

लिहिण्या-छापण्याचा इतिहासही थोडा पाहू, कारण ‘शुद्ध करा’ म्हणणारे नाथमहाराजांचा दाखला देतात. नाथांनी शके १५०६ ला, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरी शुद्ध केली, मग आपण नावं का करू नयेत? दाखला खरा आहे, पण नाथांनी केलं काय ते बघा. नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले आणि मूळ शब्द शोधले. आपल्या मनची एकही ओवी कुणी त्यात घालू नये, अशी ताकीद दिली. म्हणजे त्यांनी ग्रंथ ज्ञानोबांच्या तोंडाजवळ नेला. आपण वहीतल्या ‘इठोबा’चा ‘विठ्ठल’ केला तर त्या माणसापासून दूर नेऊ. दोन्हीला शुद्ध करणं म्हणायचं म्हणजे कठीणच. तुकोबांचा गाथा १८६९ मध्ये सरकारी खर्चानं छापायला घेतला, तेव्हा शंकर पांडुरंग पंडितांनी देहू, तळेगाव, पंढरपूर, कडूस इथल्या हस्तलिखितांचा ताळा घेतला. प्रत्येक वहीचं वळण निराळं होतं. तुकोबांची वाणी एक, पण ती लिहून घेणारे हात अनेक.

व्याकरणाचे नियम मोडावेत असं माझं म्हणणं मुळीच नाही. साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२ मध्ये सरकारनं मान्यता दिली, ते शाळेत शिकवतात, बरंच आहे. आपल्या नेहमीच्या शब्दांनाही ते लागतात. जुन्या पोथ्यांत ‘रामकृष्णहरि’ ऱ्हस्व, नव्या नियमानं ‘हरी’ दीर्घ. पण ‘हरिपाठ’ समास म्हणून त्यातला हरि ऱ्हस्वच. नियमानं ‘माउली’ ऱ्हस्व, टेम्पोच्या काचेवर ‘माऊली’ दीर्घ. या अंकात आम्ही नियमच पाळले आहेत. पण हे झाले शब्द. माणसाचं नाव हा नुसता शब्द नसतो, त्याचा धनी असतो.

आपल्या वह्यांत काय आहे? एकच माणूस एका साली ‘ग्यानू’, दोन वर्षांनी ‘ज्ञानु’, पुढं लिहिणारा बदलला तेव्हा ‘ज्ञानदेव’. रुक्मिणीची रखमा, रखमी, रुखमाबाई. कृष्णाचा किसन आणि किस्ना. पांडुरंगाचा पांडू. दगडू, धोंडू, केरू ही तर ढिगानं. मुलं जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये, यमानंही ढुंकून बघू नये, यासाठी आयांनी ठेवलेली नावं. दगडूचा ‘दगडोबा’ करून छापा अशी एका घरानं विनंती केली, ती आम्ही लगेच मानली. दुसऱ्या घरानं उलट सांगितलं: आमचा आज्जा ‘केरू’च होता, केरूच ठेवा, तेच नाव वीण्यावर कोरलंय. तेही मानलं.

कुणी म्हणेल, मग नियम कुठला? नियम एकच धरला आहे. नाव ज्याचं, पसंती त्याची. तो नसेल तर घरच्यांची. कुणीच सांगणारं नसेल तर वही प्रमाण. वहीच सदा खरी, असं मात्र धरलेलं नाही. सातारा जिल्ह्यातली २०११ सालची गोष्ट आठवा. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकोशी’, ‘नकुशी’ अशी नावं पडलेल्या २८० हून अधिक मुलींनी त्या वर्षी आपली नावं बदलून घेतली. शाळेच्या हजेरीत, जन्माच्या नोंदीत ती नावं रीतसर होती, अक्षरंही अगदी शुद्ध होती. अशी एखादी नोंद वहीत असेल आणि त्या बाईनं पुढं दुसरं नाव घेतलं असेल, तर तिनं घेतलेलंच छापायचं. जुनं कंसातसुद्धा द्यायचं नाही.

आजच्या वारकऱ्याला नावाचा जाच वेगळाच आहे. आधार कार्डावर ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजी अक्षरांत उतरवताना कुणी डी-एन-वाय लावतो, कुणी जे-एन, कुणी जी-वाय. बँकेच्या पुस्तकात एक, सातबाऱ्यावर दुसरं, निराधाराच्या पगाराच्या यादीत तिसरं. मग तलाठ्याकडं खेटे, प्रतिज्ञापत्र, ‘ही तिन्ही नावं एकाच इसमाची’ असा कागद. पंडितांनी ज्ञानोबांचे दोन केले होते, कॉम्प्युटर एका म्हाताऱ्याचे तीन करतो. दिंडीच्या नोंदणीवेळी आमच्या पोरांना सांगून ठेवलंय: कागदावरचं नाव कागदासाठी घ्या, आणि शेजारच्या रकान्यात ‘हाकेचं नाव’ लिहा. गर्दीत कुणी चुकलं तर भोंग्यावरून हाकेचंच नाव पुकारावं लागतं. ‘लक्ष्मीबाई’ म्हणून तासभर ओरडलं तरी ‘लक्षुमी’ वळून बघत नाही.

राहता राहिली ती वहीतली सगळ्यात मोठी अडचण. पहिल्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदीत बायकांची नावं जवळजवळ नाहीतच. पुरुषाच्या नावापुढं ‘व मंडळी’, किंवा ‘व कुटुंब’, किंवा नुसतं ‘आई’. भिशी दोघांची जमा आहे, नाव एकाचं. डोईवर तुळस घेऊन, पहाटे उठून भाकऱ्या थापून ज्या पंढरीपर्यंत चालल्या, त्यांना ‘मंडळी’ हे एकच नाव. जनी, मुक्ताई, सोयरा, बहिणी, कान्होपात्रा यांची नावं शतकानुशतकं आपल्या तोंडी आहेत, आणि आपल्याच पणज्यांची आपल्याला ठाऊक नाहीत.

त्यात सासरचं नाव एक, माहेरचं एक. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की माहेरचं बंद. कितीजणींना माहेरच्या नावानं हाक मारणारं फक्त वारीतच भेटे, माहेरगावची दिंडी शेजारच्या मुक्कामाला उतरली म्हणजे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या गोष्टी अजून ठाऊक आहेत, पण ती माणसं आता थोडी राहिली.

म्हणून यादीत जिथं ‘व मंडळी’ आहे तिथं आम्ही ते शब्द तसेच ठेवून पुढं टिंबांची ओळ सोडली आहे. ज्यांच्या घरची ती नोंद असेल त्यांनी विचारून, आठवून, तिथं आपल्या हातानं नाव लिहावं. सासरचं आठवलं तर सासरचं, माहेरचं आठवलं तर माहेरचं, दोन्ही आठवली तर दोन्ही. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता करू नये, घरात जसं म्हणत तसंच लिहावं. आणि कार्तिकीच्या आत दिंडीच्या मठात एक निरोप द्यावा, म्हणजे मूळ वहीतही ते चढवता येईल. शाई काळीच वापरावी, निळी लवकर उडते.